बातम्या आणि द्राक्षाचा देठ

पुण्याहून भाचरं आली की हा प्रश्न ठरलेला. पारावरही कुणी ना कुणी विचारतंच, "तात्या, रोज रात्री युद्धाच्या बातम्या कशाला लावता? राजकारणावर कशाला बोलता? आपण पडलो निफाडकडचे द्राक्षवाले. डोक्याला ताप करून घ्यायचा आणि हाती काय लागतं?"

ताप होतो, हे खरंच आहे. काही रात्री झोप लागत नाही. तरी लावतो.

आमची थॉमसन जातीची द्राक्षं फेब्रुवारीत तयार होतात. अर्ध्या किलोच्या पनेटमध्ये, म्हणजे छोट्या डब्यात भरायची, दहा पनेटची पेटी. प्रीकूलिंग झालं, म्हणजे माल गार करून झाला, की कंटेनर न्हावाशेवा बंदराला. पुढे लाल समुद्र, सुएझ कालवा आणि युरोपातलं रॉटरडॅम बंदर. लाल समुद्राच्या तोंडाशी बाब-अल-मंदेब नावाची चिंचोळी सामुद्रधुनी आहे. अरबीत त्याचा अर्थ अश्रूंचं दार असा आहे म्हणे. हे नाव मला १९ नोव्हेंबर २०२३ नंतर पाठ झालं. त्या दिवशी येमेनच्या हौथी बंडखोरांनी गॅलेक्सी लीडर हे जहाज पळवून नेलं. मग हल्ले वाढले आणि बड्या कंपन्यांनी आपली जहाजं आख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून न्यायला सुरुवात केली. वाट दहा-पंधरा दिवसांनी लांबली, भाडं वाढलं आणि ते शेवटी बागेवरच्या दरातून कापलं गेलं.

लांबलेल्या वाटेत मालाचं काय होतं ते बघायला त्या हंगामात मी एक पेटी शीतगृहात मुद्दाम बाजूला ठेवायला लावली आणि पस्तिसाव्या दिवशी उघडली. मणी टणक होते, रंगही चांगला होता. पण देठ काडीसारखा तपकिरी पडलेला. तिकडचं गिऱ्हाईक आधी देठ बघतं. येमेनमधलं भांडण मी त्या देठात पाहिलं.

२०२३च्याच डिसेंबरात, ८ तारखेला, सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. माझ्या मेहुण्याचा लाल कांदा तेव्हा शेतातून निघत होता. बंदी उठली ४ मे २०२४ला, तीही चाळीस टक्के शुल्क ठेवून. आमच्या दिंडोरी मतदारसंघाचं लोकसभेचं मतदान २० मेला होतं. आता मला सांगा, राजकारणावर बोलायचं नाही तर कशावर बोलायचं? हौथींना मी काही विचारू शकत नाही. पण मतं मागायला दारात आलेल्या माणसाला विचारू शकतो, आणि विचारलंच पाहिजे. इथे मी गप्प बसणार नाही, कुणाला वाईट वाटलं तरी.

पण नुसत्या दरासाठी बातम्या ऐकतो असं म्हटलं तर ते अर्धंच खरं. ६ मार्च २०२४ला एडनच्या आखातात ट्रू कॉन्फिडन्स या मालवाहू जहाजावर क्षेपणास्त्र पडलं. आमची काढणी ऐन भरात होती. बातमी कळली तसा मी निर्यातदाराला फोन लावला आणि पहिला प्रश्न विचारला, "आता भाडं अजून चढणार का?" फोन ठेवला तर मुलगी ओट्यापाशी उभी होती. म्हणाली, "पप्पा, त्यातली माणसं कुठली होती?"

मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

रात्री दोघांनी बसून बातमी पाहिली. तीन खलाशी गेले होते, दोन फिलिपिन्सचे आणि एक व्हिएतनामचा. बाकीच्या एकवीस जणांना आपल्या नौदलाच्या आयएनएस कोलकाताने बाहेर काढलं, त्यात एक भारतीय होता. मुलीने शाळेच्या नकाशाच्या वहीतून जगाचं पान काढलं आणि फवारणीच्या नोंदवहीत घालून ठेवलं. ते अजून तिथेच आहे. औषधाची नोंद करायला वही उघडली की आधी तेच हाताला लागतं.