बॅगेचा पट्टा म्हणजे क्लाइंबिंगची टेप नव्हे

क्लाइंबिंगची टेप, म्हणजे विणलेली चपटी पट्टी, जोडायला कोणती गाठ मारायची हे एका संध्याकाळी ठरलं. वेळ खाल्ला तो टेप ओळखण्याने, आणि त्याचा वैताग अजून उतरलेला नाही.

तैलबैलाच्या कातळभिंतीवर अँकरला (दोर जिथे पक्का अडकवतात तिथे) लागणारे टेपचे लूप घरीच बांधायचे होते. पुण्यातल्या एका दुकानात रीळ दिसलं.

"नायलॉन आहे का?"

"सर, सगळे ट्रेकर हीच नेतात."

"किती किलोन्यूटनची?"

"अहो, ट्रक ओढेल!"

लेबल नाही, काही नाही. ईएन ५६५ या युरोपीय मानकाच्या टेपमध्ये वेगळ्या रंगाचे उभे धागे विणलेले असतात. एक धागा म्हणजे ५ किलोन्यूटन ताण सोसण्याची ताकद, तीन असले तर १५. या टेपच्या दोन्ही कडांना एकेक पिवळी रेघ होती. ती कशाची विचारलं, तर "डिझाइन आहे."

वीतभर तुकडा मागून घेतला. घरी बादलीत बुडवला, चोळून आतली हवा काढली, सोडला. टुणकन वर! नायलॉन बुडतं, पॉलिप्रॉपिलीन तरंगतं. डायनिमा हा मजबूत, महागडा धागाही तरंगतो, पण तो या भावात कोण देईल? म्हणजे हा सरळसरळ बॅगेचा पट्टा. दुकानात जाऊन सांगितलं, तर काउंटरवरचे काका म्हणतात, "पण तुम्ही पाण्यात कुठे चढणार आहात?" यावर काय बोलणार! (तुकडा बुडला तरी हुरळू नका, पॉलिएस्टरचा पट्टाही बुडतो. धागे दिसले तरच घ्या.) शेवटी क्लबमधल्या एका दादाच्या रिळातून तीन धाग्यांची नायलॉनची टेप मिळाली, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

गाठ वॉटर नॉट. एका टोकाला सैल साधी गाठ, मग दुसरं टोक समोरून घालून तिच्याच वाटेने उलटं फिरवायचं. दोन्ही पट्ट्या एकमेकींवर सपाट बसल्या पाहिजेत, कुठेही पीळ नको. मग लूपमध्ये उभं राहून अंगाच्या वजनाने गाठ आवळायची. शेपट्या, म्हणजे गाठीबाहेर उरलेली टोकं, निदान ८ सेंटीमीटर, मी त्याहून लांबच ठेवतो, कारण ताण पडला-सुटला, पडला-सुटला की शेपटी हळूहळू गाठीत सरकते. म्हणून दर वेळी वापरण्याआधी शेपट्या बघायच्याच. त्यांच्यावर चिकटपट्टी गुंडाळायची नाही, सरकलेलं दिसत नाही.

रीफ नॉट अजिबात नको, एका टोकाला झटका बसला तर उलटून सुटते. डबल फिशरमन पक्की, पण टेपमध्ये एकदा आवळली की उघडताना नखं तुटतात. बीअर नॉट दिसायला सुबक, पण शेपटी पोकळ टेपच्या पोटात लपते, मला ते पटत नाही.

हो, कापलेली टोकं लायटरने वितळवून घ्या, नाहीतर उसवतात. आणि डायनिमाला गाठ मारत बसू नका, निसरडा असतो. त्याची २२ किलोन्यूटनची शिवलेली स्लिंगच (तयार लूप) घ्या, महाग पडली तरी.