हात पाठीमागे घेतलेल्या बायका

स्मरणिका समितीचा फोन आला तेव्हा मी कारखान्यात घागऱ्याच्या कळ्या मोजत होते. "शाळेला पंचाहत्तर वर्षं होतायत. तुम्ही एवढ्या मोठ्या डिझायनर, मुखपृष्ठासाठी आपल्या इमारतीचं एक छानसं चित्र द्याच." मी म्हटलं, मला चित्र काढता येत नाही. पलीकडून हसण्याचा आवाज आला. त्यांना तो माझा विनय वाटला. १९८६ च्या दहावीच्या तुकडीतलं कुणी समितीवर नाही, हे तेव्हाच कळलं. नाहीतर हा फोन आलाच नसता.

आमच्या तुकडीला माझ्या बायका आठवत असतील. चित्रकलेच्या वहीतल्या माझ्या सगळ्या बायका हात पाठीमागे घेऊन उभ्या असत आणि त्यांचे पाय कायम गवतात असत. बोटं जमत नसली की गवतासारखं सोयीचं काही नाही. बाजार असो, पाणवठा असो, दिवाणखाना असो, माझ्याकडे गवत उगवायचंच. एकदा सरांनी वही उंच धरून वर्गाला विचारलं, "ही बाई आहे की बरणी?" वर्ग एका सुरात ओरडला, "बरणी!" त्यात माझ्या बाकावरची मैत्रीणही होती. ती आता दर नवरात्रात माझ्याकडे सवलत मागायला येते आणि मी देते. पण बरणी विसरलेले नाही.

खरं तर माझी रेघ पहिल्यांदा सरळ आली ती शिवणाच्या तासाला. शुक्रवारी शेवटचे दोन तास शिवण. बाईंच्या गळ्यात मंगळसूत्राच्या जोडीला टेप असायचीच. नववीत त्यांनी झबल्याची आकृती वहीत पाव स्केलने काढायला लावली, म्हणजे कापडावरचा एक इंच तो वहीत पाव इंच. छातीचा चौथा भाग, अधिक ढिलाई, खाली मुंढ्याची (बाही जोडतात त्या जागेची) खोली, मग मुंढ्याचा बाक. आकडे ठरलेले, बिंदू ठरलेले, ते जोडायचे. मी आकृती पूर्ण केली, बाईंनी चष्मा वर करून पाहिली आणि वर्गाला दाखवली. वही उंच धरली की माझ्या पोटात गोळा यायचा, तसा तेव्हाही आला. पण बाई म्हणाल्या, "रेघ बघा हिची. या रेघेवर कात्री चालणार आहे, हे हिला कळलंय."

त्याच वर्षी सहल गेली ती लांब कुठे नाही, आपल्या बडोद्यातल्याच फत्तेसिंह म्युझियममध्ये. सयाजीरावांनी रविवर्म्यांकडून काढून घेतलेली पुराणातली चित्रं तिथे आहेत. सर आम्हाला चेहरे, भाव, प्रकाश सांगत होते. बाई हळूच चार मुलींना बाजूला घेऊन म्हणाल्या, "चेहरे राहू देत. निरी कुठून निघते ते बघा." आम्ही पाहिलं. प्रत्येक चुणीला उगम होता. खांदा, कंबर, वाकलेला गुडघा, कोपर, जिथे कापड अडकतं किंवा टेकतं तिथून ती निघत होती. मधूनच, हवेतून, एकही निघत नव्हती. माझ्या बायकांच्या साड्यांवर मात्र मी पावसासारख्या उभ्या रेघा मारत असे.

पुढे बी.कॉम. झाल्यावर मी कपड्यांच्या डिझाइनचा एक वर्षाचा क्लास लावला. फी भरताना क्लासवाले "चित्रकला यायलाच हवी असं काही नाही" म्हणाले आणि पहिल्याच महिन्यात माणसांची पन्नास रेखाटनं मागितली. मी घरी येऊन रडले. आईने विचारलं, "पन्नास बरण्या?" (घरीही ही गोष्ट पोचली होती.)

त्या क्लासमध्ये एक मात्र कामाचं हाती लागलं. खऱ्या माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या साधारण साडेसात पट भरते. फॅशनच्या चित्रात ती नऊ पट धरतात आणि वाढीव उंची बहुतेक सगळी पायांना देतात. उभी रेघ मारायची, तिचे नऊ सारखे भाग करायचे. पहिल्यात डोकं, दुसऱ्याच्या शेवटी छाती, तिसऱ्याच्या शेवटी कंबर, सहाव्याच्या आसपास गुडघे. माझा जीव भांड्यात पडला. ही तर भूमितीची रचना होती! बाईला उभं करायचं तर गळ्याच्या खळीतून गवंड्यासारखा ओळंबा सोडायचा. भार एका पायावर असेल तर ओळंबा त्याच पायापाशी उतरला पाहिजे, नाहीतर कागदावर बाई कलंडते. भाराच्या बाजूचं कमरेचं हाड वर जातं आणि त्याच बाजूचा खांदा खाली येतो. एवढं सांभाळलं की पुतळा जिवंत दिसू लागतो. आठवडाभर खपून मी अशी एक बाई नीट तयार केली आणि पुढची कित्येक वर्षं तिच्यावर बटर पेपर (खालचं दिसतं असा पातळ कागद) ठेवून तिलाच नवेनवे कपडे घातले. सुरुवातीला ही चोरी वाटायची, मी पानं लपवायची. मग कळलं की या धंद्यात सगळ्यांकडे अशी एक बाई असते.

कपड्याचा सराव मात्र माणसांवर केलाच नाही. दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात छताजवळच्या दांडीवर काठीने कपडे वाळत घालायचे. त्यांना हात नाहीत, पाय नाहीत, माझ्यासाठी याहून चांगलं काय! आजीची नऊवारी ओली असताना सरळ, जड, बारीक चुण्यांनी लोंबायची. खळ घातलेली वाळली की तीच साडी फुगून चार-पाच मोठ्या घड्यांत उभी राहायची. रोज दुपारी दहा मिनिटं मी त्या काढायची. "धुणं काय बघत बसतेस, घड्या घाल," असं आजी म्हणायची.

माझं सगळ्यात फजितीचं डिझाइन पहिल्याच ऑर्डरीचं. नवरात्राला दोन महिने होते. बंद गळ्याची चोळी, पाठभर आभलेकाम, रंगवलेलं चित्र, गिऱ्हाईक खूश. मी ते घेऊन मंगळबाजारामागच्या गल्लीत मास्टरकडे गेले. त्यांनी कागद उलटा केला, सुलटा केला, पुन्हा उलटा केला. मग अगदी शांतपणे म्हणाले, "बेन, आ पहेरशे कई रीते?" म्हणजे, हे घालणार कसं? चोळीला कुठेच उघडायची पट्टी नव्हती. ना पुढे हुक, ना मागे दोरी, ना बाजूला चेन. डोकं जाईल एवढा गळाही नव्हता.

तेव्हापासून प्रत्येक डिझाइनची दोन चित्रं करते. एक गिऱ्हाइकासाठी, त्यात ती नऊ डोक्यांची बाई. दुसरी मास्टरसाठी सपाट आकृती, जणू कपडा टेबलावर पसरलाय. कागद मधोमध दुमडायचा, अर्धी बाजू काढायची, खिडकीच्या काचेवर धरून उरलेली अर्धी उतरवायची. दोन्ही खांदे आपोआप सारखे येतात. टीप कुठे ते तुटक रेघेने, मगजी (कडेची पट्टी) किती रुंद ते आकड्याने, टक्स (बेताचं बसावं म्हणून घातलेल्या चिमट्या), अस्तर, दोरी, सगळं त्यात. या आकृतीला कलेचे मार्क शून्य, पण कापड तिच्यावरच कापलं जातं.

घेराशी झगडायला आणखी दोन वर्षं गेली. २८ इंच कमरेच्या पूर्ण गोल घागऱ्याला आतलं वर्तुळ सुमारे साडेचार इंच त्रिज्येचं कापतात. लांबी ३८ इंच धरली तर खालचा घेर २६६ इंचांच्या वर जातो, म्हणजे जवळजवळ पावणेसात मीटर. हा हिशेब मी तोंडी करायची, आणि चित्रात तीच कड पट्टीने सरळ मारायची! पावणेसात मीटरचा घागरा कागदावर लुंगीसारखा दिसायचा. मग लक्षात आलं की वर्तुळ तिरकं पाहिलं की लंबगोल दिसतं, आणि घेराची कड त्या लंबगोलावरून नागमोडी चालते. नागमोडीचा फुगवटा जिथे पुढे येतो तिथून वर रेघ न्यायची, पण कमरेला भिडवायची नाही, वाटेतच हलकी होऊन सुटली पाहिजे. त्या दिवशी मला बाईंची निरी आठवली.

आपल्या गावाबद्दल एक सांगावंसं वाटतं. इथे १८९० साली कलाभवन निघालं तेव्हा चित्रकला, रंगाई, सुतारकाम यांचं शिक्षण एकाच संस्थेत होतं. कारागिराला चित्र लागतं ते वस्तू बनवण्यासाठी, ही समज या बडोद्याला तेव्हाच होती. शाळेत आमचा चित्रकलेचा तास वरच्या मजल्यावर आणि शिवणाचा खाली, जिन्याखालच्या खोलीत, तोही फक्त मुलींना. ही तक्रार समजा. स्मरणिका आहे म्हणून काय फक्त गोडच लिहायचं?

समितीचं मन मोडवत नव्हतं म्हणून एक आकृती पाठवली आहे. छापली असेल तर आतल्या पानावर सापडेल. आमच्या वेळचा गणवेशाचा निळा ट्युनिक, पाव स्केलने, पुढची आणि मागची बाजू. पुढे तीन बॉक्स प्लेट (रुंद, सपाट चुण्या), मागे तीन, डाव्या बाजूला पट्टी, पट्ट्यासाठी दोन लूप. खाली चार इंचांची दुमड, जी आया दर जूनमध्ये थोडी थोडी उसवत, आणि उसवलेल्या जागी न विटलेल्या निळ्याची गडद पट्टी उमटे. आठवीपर्यंत माझ्या ट्युनिकला अशा तीन पट्ट्या झाल्या होत्या. आकृतीतही तीनच आहेत, मोजून घ्या. ट्युनिकच्या आत कुणी काढलेलं नाही, त्यामुळे हातांचा प्रश्न आला नाही.