मोठ्या माशाचे माप: फ्लेक्सची चटई रद्द, अर्ध्या पाइपची पन्हळ मंजूर

पकडून परत सोडायच्या माशांची लांबी घेण्यासाठी केलेली, गेल्या नोंदीत उल्लेख केलेली फ्लेक्सची मोजपट्टी-चटई (मोजपट्टी छापलेले फ्लेक्सचे कापड) मी मोजमापाच्या कामातून काढून टाकली आहे. तिचा उपयोग आता मासा ओल्या जागी टेकवण्यापुरताच होईल. निमित्त झाले ते एका मोठ्या कटल्याचे. चटईवर तो मी ८४ सेंटीमीटर वाचला, समोर बसलेल्या सोबत्याने साडेशहाऐंशी वाचला, आणि मासा तर जागचा हललाही नव्हता. पाण्यात परत सोडायच्या माशाचे माप पुन्हा घेता येत नाही, त्यामुळे अडीच सेंटीमीटरचा हा फरक कायमचा वहीत राहतो. एकाच डोहातील माशांची वाढ वर्षानुवर्षे नोंदवू पाहणाऱ्याला ते परवडणारे नाही.

चटईचा पहिला दोष छपाईचा होता. पोलादी पट्टी लावून पाहिल्यावर छापलेला एक मीटर प्रत्यक्षात सहा मिलिमीटरने आखूड भरला. फ्लेक्स छापणाऱ्यांकडे फाइल कापडाच्या रुंदीत बसवताना प्रमाण किंचित बदलले जाते, आणि लग्नाच्या किंवा वाढदिवसाच्या फलकावर ते कोणाच्या लक्षात येण्याचे कारणही नाही. हा दोष ठरावीक असल्याने गुणाकाराने दुरुस्त करता येतो. काठावरच्या दगडगोट्यांवर चटई मध्ये खचते आणि मासा तिच्याबरोबर वाकतो, हा दुसरा दोष खाली फळी ठेवून टाळता येतो.

खरा अडसर माशाच्या जाडीचा आहे. लहान रोहू चटईवर जवळजवळ सपाट पडतो, पण दहा-बारा किलोचा कटला कुशीवर ठेवला की त्याच्या तोंडाचे टोक चटईपासून सुमारे सात सेंटीमीटर वर असते. बघणाऱ्याची नजर उभ्या रेषेपासून पंधरा अंश जरी कलली, तरी तेवढ्या उंचीवर वाचनात जवळपास दोन सेंटीमीटरचा फरक पडतो. त्यात शेपटीची भर पडते. शेपटीचे पंख मिटून मोजले तर लांबी वाढते, नैसर्गिक पसरलेल्या स्थितीत मोजले तर घटते, आणि महसीरसारख्या खोल दुभंगलेल्या शेपटीत हा फरक दुर्लक्षून चालत नाही. म्हणून यापुढे माझ्या नोंदींत शेपटीच्या खाचेपर्यंतची लांबी हेच मुख्य माप राहील आणि पंख मिटून घेतलेली पूर्ण लांबी शेजारी लिहिली जाईल. पंखांची टोके झिजलेली किंवा कुरतडलेली असली तरी खाच सहसा शाबूत असते.

तोंडाकडचा प्रश्न बंप बोर्डाने, म्हणजे मासा मोजायच्या तयार फळीने सुटतो, कारण तेथे शून्यावर उभी फळी असते आणि तोंड मिटलेला मासा तिला टेकवला की नजरेचा संबंध राहत नाही. परदेशी बंप बोर्ड मात्र मला पसंत नाहीत. माझ्या पाहण्यात आलेले बहुतेक लहान माशांसाठी बनवलेले आहेत, आणि अ‍ॅल्युमिनियमचे असतील तर आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात ते इतके तापतात की पाणी ओतल्याशिवाय हात ठेववत नाही. माशाच्या अंगावरच्या बुळबुळीत थराचे तेथे काय होत असेल, ते सांगायला नको.

यावरचा उपाय उसाच्या शेतात सापडला. पाणी नेण्यासाठी वापरतात त्या २०० मिलिमीटर व्यासाच्या पीव्हीसी पाइपचा सव्वा मीटरचा तुकडा उभा चिरून त्याच्या दोन पन्हळी केल्या. मासा त्यात पोटावर, म्हणजे पोहताना असतो त्याच स्थितीत राहतो, दोन्ही बाजूंनी आधार मिळतो आणि कल्ले बुडतील एवढे पाणीही आत साठते. पाइप चिरल्यावर त्याच्या कडा किंचित आत वळतात, कारण कारखान्यात पाइप बाहेरून आधी थंड होतो आणि आतला ताण भिंतीतच अडकून राहतो. दोन्ही कडांवर अ‍ॅल्युमिनियमची अँगलपट्टी बसवल्यावर पन्हळीचे तोंड पुन्हा सरळ झाले. शून्याकडे पाइपची टोपी लावण्याचा विचार सोडून द्यावा लागला, कारण ती आतून घुमटाकार असते आणि तोंड नेमके कोठे टेकले ते ठरत नाही. त्याऐवजी स्वयंपाकघरातील भाजी चिरायचा जाड प्लास्टिकचा पांढरा पाट कापून सपाट भिंत केली. ती पाण्याने फुगत नाही, तिला धार नाही आणि पांढऱ्यावर माशाचे तोंड स्पष्ट दिसते.

पट्टीच्या बाबतीत चिकटवायच्या स्टिकरच्या नादी कोणी लागू नये असे माझे स्पष्ट मत आहे. ओल्यात ते सुटतात आणि सुटण्यापूर्वी ताणले जातात. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मोजमापाच्या हत्यारांच्या दुकानात कोरीव आकड्यांची एक मीटरची स्टेनलेस पट्टी मिळते, ती कडेवर बसवली. पीव्हीसी तापल्यावर पोलादापेक्षा कितीतरी जास्त वाढते. सकाळ आणि दुपार यांच्यात तीस अंशांचा फरक धरला तर मीटरमागे साधारण दोन मिलिमीटर. म्हणून पट्टीला शून्याकडे पक्का रिव्हेट आहे आणि दुसऱ्या टोकाला लांबट भोक ठेवले आहे, ज्यात ती मोकळी सरकते.

एवढे जमल्यावर शेपटीकडचे टोक हट्टाला पेटले आणि या नोंदीला उशीर होण्याचे कारण तेच आहे. पट्टी पन्हळीच्या कडेवर, शेपटी मध्यावर खाली, आणि त्यांच्यामध्ये दहा सेंटीमीटरची पोकळी. म्हणजे तोंडाकडून हाकललेली नजरेची चूक शेपटीकडून परत आत आली. त्यासाठी कडेवरून सरकणारा अ‍ॅक्रिलिकचा गुण्या केला, ज्याची आडवी पात खाचेला टेकली की कडेवरचा आकडा वाचायचा. कोरड्यात तो छान चालला. ओला होऊन त्यावर चिकटा आणि वाळू बसल्यावर मात्र तिरका होऊन जागीच अडकू लागला, आणि जोर लावला की धक्का माशाला बसे. मेण, सिलिकॉन, नायलॉनची चकती, सर्व उपाय थोडा वेळ चालले आणि थांबले. शेवटी उद्यमनगरातील एका लेथवाल्या मिस्त्रींनी गुण्या हातात घेऊन दोन वेळा मागेपुढे केला आणि म्हणाले, "अहो साहेब, पात वीतभर आणि कडेवरची पकड दोन बोटं. अडकणारच की!" कडेवर बसणारा भाग चार सेंटीमीटरचा होता, तो त्यांनी पंधरा सेंटीमीटरचा केला आणि खाली वाळू निसटायला खाचा पाडल्या. त्यानंतर गुण्या एका बोटाने सरकतो. बाजारातून आणलेल्या कटल्यावर तिघांनी आपापले वाचन दुसऱ्यास न सांगता लिहिले, तेव्हा सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांत तीन मिलिमीटरचा फरक आला. तो कागद मी जपून ठेवला आहे.

जिवंत माशासाठी क्रम असा ठरला आहे. पन्हळ आधी गुडघाभर संथ पाण्यात बुडवून ठेवायची. बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) बसलेले असतील तर वरच्या फुगवट्यात अशी जागा सहज मिळते. जाळ्यातूनच मासा पाण्याखाली तिच्यात सरकवायचा, डोळ्यांवर ओले फडके टाकायचे आणि मग पन्हळ थोडीच उचलायची. वाचन होईपर्यंत कल्ले पाण्यातच राहतात. सोडण्यापूर्वी पाण्यातच त्याला हलकेच उलटे धरून पाहावे. तो लगेच सरळ होत नसेल तर आणखी धरून ठेवावे, फोटोची घाई करू नये.

वजनाबाबत माझे मत अधिक कडक झाले आहे. जबड्याला पकड लावून मोठा मासा उभा टांगणे पूर्णपणे बंद असावे, कारण त्या भाराने जबडा आणि आतले अवयव दुखावतात. सामान मोजण्याचे स्वस्त डिजिटल काटे माशाची झोळी हलत असतानाच आकडा पकडून बसतात, म्हणून घ्यायचाच तर ती सोय बंद करता येणारा घ्यावा, आणि ओल्या झोळीचे वजन प्रत्येक वेळी नव्याने वजा करावे. चैत्र-वैशाखात मात्र काटा घरीच ठेवणार आहे. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तीस अंशांना साडेसातच. दमलेल्या माशाला तेव्हा झोळीत लोंबकळत ठेवण्यात अर्थ नाही.

त्याऐवजी घेराचे माप घ्यायचे. लांबी गुणिले घेराचा वर्ग भागिले ८०० हे इंच-पौंडांचे सूत्र ट्राउट आणि सामन हे मासे पकडणाऱ्यांचे आहे. सेंटीमीटर आणि किलोसाठी भाजक सुमारे २८,९०० येतो. ८० सेंटीमीटर लांब आणि ४५ सेंटीमीटर घेराचा मासा त्यानुसार साधारण ५.६ किलो भरतो. कटल्याचे डोके आणि महसीरचे अंग यांना तोच भाजक लागू पडेल असे मी गृहीत धरणार नाही. हिवाळ्यात पाणी थंड असताना थोड्या माशांची वजने घेऊन प्रत्येक जातीचा भाजक स्वतंत्र काढावा लागेल, आणि त्यासाठी लांबी कोणती धरली तेही लिहावे लागेल.

घेरासाठी मासा झोळीत घ्यायचा असे वरचा परिच्छेद लिहीपर्यंत ठरले होते. पण शिंप्याची फायबरची टेप पन्हळीत आधीच आडवी अंथरून ठेवली आणि मासा तिच्यावर आला, तर पाठीवरच्या पंखाच्या किंचित पुढे ती दोन्ही बाजूंनी वर ओढून घेता येईल, आणि झोळीचा एक टप्पा गळेल. मासा आत येताना टेप सरकू नये म्हणून पन्हळीच्या तळाला लांबीच्या दिशेने दोन चिरा पाडून ती त्यांतून ओवावी लागेल. चिरांतून पाणी गळेल, पण पन्हळ पाण्यातच असल्याने ते चालेल. म्हणून उरलेली दुसरी पन्हळ आता शिवडा या लांब अंगाच्या माशासाठी लांब करण्याऐवजी या प्रयोगाला देत आहे.

शिवड्यासाठी वेगळा, अधिक लांबीचा तुकडा लागेल, आणि तो २२५ मिलिमीटरचा असेल तर मोठ्या कटल्यालाही ऐसपैस होईल. कोणाच्या शेतात असा पाइप पडून असेल तर कळवावे. किमान दीड मीटर हवा आणि उन्हाने तडकलेला नसावा.