सात की नऊ

कापूस वेचणीचे दिवस होते. बीड जिल्ह्यात तालुक्याच्या एका गावी खत-बियाण्यांचं दुकान फुटलं होतं. काउंटरच्या काचेवर काळी पावडर फिरवली आणि एकच चान्स प्रिंट, म्हणजे जागेवर सापडलेला बोटाचा ठसा, वर आला, तोही अर्धवट. आधी फोटो घेतले, मग टेपवर उचलला.

मी ठसेतज्ज्ञ. ठाण्यात पोचायच्या आतच एकोणीस वर्षांच्या एका पोराला तिथे आणून बसवलं होतं. पूर्वी तो त्या दुकानात हमाली करायचा, मालकाशी भांडण होऊन काम सुटलं होतं. काच दिवाळीत नवी बसवलेली आणि त्यानंतर पोरगा दुकानात आलेलाच नाही, असं मालकाचं सांगणं. म्हणजे ठसा त्याचा निघाला असता तर त्याला बोलायला जागाच उरली नसती.

त्याच्या बोटांचे ठसे घेताना मला त्रास झाला. वाळलेल्या बोंडांच्या टोकांनी बोटं चिरून निघाली होती. हात धुऊन, पुसून तीन वेळा शाई लावली तेव्हा कुठे डाव्या तर्जनीच्या रेषा नीट उमटल्या. शंख होता. काचेवरही शंखच.

भिंगाखाली बघितलं. एक रेषा संपते ती जागा जुळली. रेषेला फाटा फुटतो ती जागा जुळली. पाच ठिकाणं जुळली तेव्हा माझाही श्वास अडकला. फौजदार मागे उभेच होते. म्हणाले, "मॅडम, पाच जुळले ना? मग झालंच की."

नव्हतं झालं. शंखाच्या मध्यापासून त्या फाट्यापर्यंतच्या रेषा मोजल्या. काचेवर सात, पोराच्या बोटावर नऊ. बोट दाबलं गेलं तर रेषांमधलं अंतर बदलतं, रेषांची संख्या बदलत नाही. चीर पडली असेल तर रेषा तुटलेली दिसते. दोन रेषा नव्याने उगवत नाहीत. हा फरक कशानेच सुटत नव्हता. असा एक फरक पाच साम्यांवर भारी असतो, आणि इथे तज्ज्ञाने डोळेझाक केली तर पुढे वकील, न्यायाधीश कुणालाच ते दिसत नाही.

२००४ साली माद्रिदच्या रेल्वे बॉम्बस्फोटांत अमेरिकेच्या एफबीआयने हीच चूक केली. स्फोटांशी जोडलेल्या एका पिशवीवरचा ठसा ओरेगॉनच्या ब्रँडन मेफिल्ड या वकिलाचा ठरवला. दुसऱ्या तज्ज्ञांनी त्यावर मान डोलावली. माणूस दोन आठवडे कोठडीत, आणि ठसा निघाला एका अल्जेरियन इसमाचा. तिथेही साम्य खरंच होतं, फरक मात्र काहीबाही कारणं देऊन बाजूला सारले गेले.

म्हणून संभाजीनगरला परतल्यावर मी दोन्ही फोटो सहकाऱ्यापुढे ठेवले. कुणाचे, कुठले, माझं मत काय, काही सांगितलं नाही. त्याने अर्ध्या तासाने मान वर केली. "वेगळे आहेत. मधल्या रेषा मोज."

त्या दिवशी ठाण्यातून निघताना पोराची माय ओट्यावर बसलेली होती. भाकरीचं फडकं मांडीवर, तसंच बांधलेलं. "बाई, लेकराच्या बोटात काय दिसलं वो?" अहवालाआधी बोलायची मला मुभा नव्हती. "नीट बघते," एवढंच म्हणाले. ते शब्द तिला पुरले नाहीत, तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

अहवाल गेला, पोरगा सुटला. काचेवरचा ठसा कुणाचा, ते अजून कळलेलं नाही. तो नोंदीत आहे, नवे ठसे आले की त्यांच्याशी ताडला जातो.