हॅशच्या अलीकडे आणि पलीकडे

बुधवार, रात्र

गेले ३ दिवस एकाच कामात गेले. कार्यालयातील जुन्या बॅश स्क्रिप्टमधल्या (संगणकाला आज्ञा देणाऱ्या फाइलींमधल्या) कमेंट, म्हणजे हॅश (#) या खुणेनंतर माणसांसाठी लिहिलेल्या टिपा, वेगळ्या काढून त्यांची एक नोंदवही करायची आहे. त्या स्क्रिप्ट लिहिणारे सहकारी निवृत्त झाले आहेत, आणि बॅकअपच्या वेळी कोणती फाइल आधी उचलायची, मध्येच २ सेकंद का थांबायचे, हे त्यांनी कमेंटखेरीज कुठेही लिहून ठेवलेले नाही.

सोमवारी मी ओळीतला पहिला हॅश गाठून तिथेच ओळ तोडत होते. "पावती #४५ तयार" हा संदेश त्यामुळे मधोमध तुटला आणि कोडच्या वाट्याला न मिटलेले अवतरणचिन्ह आले. स्क्रिप्टला चालवताना दिलेल्या मूल्यांची (आर्ग्युमेंटची) संख्या सांगणारे $# हेही कापले गेले. बॅशचा नियम खरे तर स्पष्ट आहे: अवतरणाबाहेरचा हॅश शब्दाच्या आरंभी असेल, म्हणजे ओळीच्या सुरुवातीला किंवा मोकळी जागा, अर्धविराम, कंस अशा शब्द तोडणाऱ्या चिन्हानंतर असेल, तरच तिथून कमेंट सुरू होते. (पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत अशा मोकळ्या जागेची अट नाही, म्हणून हाच नियम तिकडे लावता येत नाही.)

हॅश अवतरणात आहे की बाहेर हे कळावे म्हणून काल अवतरणचिन्हे मोजायला घेतली, तर एका फाइलमधल्या पुढच्या साऱ्या कमेंट नाहीशा झाल्या. बराच वेळ शोधल्यावर कारण सापडले. इंग्रजीत लिहिलेल्या एका कमेंटमध्ये 'डोन्ट' या शब्दातली वरची खूण होती. माझ्या प्रोग्रॅमने ती एकेरी अवतरणाची सुरुवात मानली आणि तिथून खालचा सगळा मजकूर त्या अवतरणातच धरला. म्हणून आज सगळे नव्याने लिहिले. आता प्रत्येक अक्षर डावीकडून क्रमाने वाचायचे आणि आपण साध्या कोडमध्ये आहोत, एकेरी अवतरणात, दुहेरी अवतरणात की कमेंटमध्ये, हे सतत लक्षात ठेवायचे. कमेंटमध्ये शिरल्यावर ओळ संपेपर्यंत कोणत्याही चिन्हाला अर्थ द्यायचा नाही, ओळीच्या शेवटच्या बॅकस्लॅशलाही (\) नाही. दुहेरी अवतरणात बॅकस्लॅश पुढच्या अवतरणचिन्हाला निष्प्रभ करतो, एकेरीत करत नाही. आणि अवतरण पुढच्या ओळीत जाऊ शकते, त्यामुळे ही अवस्था ओळीबरोबर पुसून टाकायची नाही.

संध्याकाळी त्या २ सेकंदांची कमेंट पूर्ण बाहेर आली: "हे थांबणे काढू नये, आधीची फाइल डिस्कवर उतरायला वेळ लागतो." ती मी २-३ वेळा वाचली.

एक प्रश्न उरला आहे. एकेरी अवतरणात लिहिलेल्या ऑकच्या (मजकुरावर काम करणाऱ्या एका भाषेच्या) लहान प्रोग्रॅममध्ये त्याच्या स्वतःच्या कमेंट आहेत. बॅशच्या दृष्टीने तो निव्वळ मजकूर आहे. पण लिहिणाऱ्याने त्याही वाचणाऱ्यासाठीच लिहिल्या होत्या, म्हणून त्या टाकून द्यायला मन घेत नाही. नोंदवहीत त्यांच्यासाठी वेगळा रकाना ठेवणार आहे. हिअर-डॉक्युमेंटमधले, म्हणजे आज्ञेला पुरवण्यासाठी स्क्रिप्टमध्येच लिहिलेल्या मजकुरातले, हॅश उद्या पाहीन.