घाऊक शुभेच्छा, किरकोळ शुभेच्छा

अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगची टर्की पोटात गेली, की शुक्रवारपासून माणसं निरोप घेताना अडखळायला लागतात. दुकानातून निघताना, लिफ्टमधून उतरताना, फोन ठेवताना शेवटी म्हणायचं काय? 'मेरी ख्रिसमस' की 'हॅपी हॉलिडेज'? न्यू जर्सीत किंवा डॅलसला नव्याने उतरलेल्या मराठी इंजिनियरला यात अडखळण्यासारखं काही दिसत नाही. समोरचा कोण, कुठला, हे न विचारता 'हॅप्पी दिवाली' ठोकून द्यायचं आणि त्याने 'सेम टू यू' म्हणून मोकळं व्हायचं, ही त्याची सवय. पण तिथे या दोन वाक्यांवरून दुकानांवर बहिष्कार पुकारले गेले आहेत आणि एका राज्याने चक्क कायदा केला आहे.

भांडण धर्माचं म्हणून गाजतं. माझ्या मते ते घाऊक आणि किरकोळ यांतलं आहे. किरकोळीत शुभेच्छा देताना माणूस समोर असतो. त्याचं नाव, त्याचं घर, त्याच्याकडचा सण थोडाफार ठाऊक असतो. घाऊकीत समोर कोणीच नसतं. असते ती ग्राहकांची यादी, दारावरची पाटी किंवा कंपनीतल्या सगळ्यांना एकदम जाणारी मेल. तिथे कोणालाही चालेल असाच माल ठेवावा लागतो. 'हॅपी हॉलिडेज' हा असा घाऊक माल आहे, आणि त्या कामाला तो उत्तम आहे. गोची होते ती तोच माल गल्ल्यावरच्या पोरीने समोरच्या आजींना हातोहात द्यावा असा वरून हुकूम सुटतो तेव्हा.

या मालाची गरज का पडली, ते डिसेंबरचं पंचांग उघडलं की कळतं. ख्रिसमस २५ तारखेला पक्का. ज्यूंचा हानुका हिब्रू पंचांगातल्या किस्लेव महिन्याच्या २५ तारखेला लागतो, आणि ते पंचांग आपल्यासारखंच: महिने चंद्राचे, वर्ष सूर्याशी जुळवून घेतलेलं, १९ वर्षांत ७ अधिक महिने. गणपती कधी ऑगस्टात तर कधी सप्टेंबरात का येतात हे ज्याला माहीत आहे, त्याला हानुका वेगळा समजावून सांगायला नको. २०२४ साली पहिली मेणबत्ती नेमकी २५ डिसेंबरच्या संध्याकाळी लागली, २०२५ साली १४ च्या, आणि २०२६ साली ४ च्या. २०१३ मध्ये तर हानुका थँक्सगिव्हिंगच्या आदल्या संध्याकाळीच सुरू झाला. सण आठ रात्रींचा. रोज एक मेणबत्ती वाढवत न्यायची, त्या ३६ होतात. शिवाय बाकीच्या पेटवण्यासाठी दर रात्री एक वेगळी, त्या ८. म्हणून दुकानात ४४ मेणबत्त्यांचं खोकं मिळतं. आता २०२६ च्या २० डिसेंबरला ज्यू सहकाऱ्याला मोठ्या आपुलकीने 'हॅपी हानुका' म्हटलं, तर सण संपून आठवडा झालेला असतो. तो हसून थँक यू म्हणेल, पण तारीख न बघता बोललो हे त्याला कळलेलं असतं. त्यातही हा त्यांच्यातला काही फार मोठा सण नव्हे. मोठे सण, रोश हशाना आणि योम किप्पूर, शरदातच होऊन जातात आणि तेव्हा ऑफिसात कोणाला शुभेच्छा सुचत नाहीत.

२६ डिसेंबर ते १ जानेवारी हा क्वांझा. १९६६ साली कॅलिफोर्नियात मौलाना करेंगा यांनी आफ्रिकन-अमेरिकन समाजासाठी तो सुरू केला. त्याचं अभिवादन स्वाहिलीत आहे: 'हबारी गानी?' म्हणजे काय खबर. उत्तरात त्या दिवसाचं तत्त्व सांगायचं. पहिल्या दिवशी 'उमोजा', म्हणजे ऐक्य. कृष्णवर्णीय दिसला म्हणून क्वांझाच्या शुभेच्छा देणं ही मात्र डिसेंबरातली सर्वांत वाईट चूक. त्यातले असंख्य जण पिढ्यान्‌पिढ्या चर्चला जाणारे आहेत आणि ख्रिसमसच करतात. रमजान ईद दर वर्षी सुमारे ११ दिवस मागे सरकते. २००० साली ती डिसेंबरच्या अखेरीस आली होती, २०३३ साली पुन्हा येईल. यहोवाचे साक्षीदार या पंथाचे लोक तर ख्रिसमसच काय, वाढदिवसही पाळत नाहीत. त्यांच्याशी 'आठवडा छान जावो' एवढंच बोलावं.

खुद्द चर्चचा हिशेब याहून गमतीचा. ख्रिसमसच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. त्याचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान पडतो. हा वाट पाहण्याचा काळ, सणाचा नव्हे. सण २४ च्या रात्री सुरू होतो आणि पुढे बारा दिवस, ५ जानेवारीपर्यंत चालतो. म्हणजे ३ डिसेंबरला गल्ल्यावर 'इथे मेरी ख्रिसमस का म्हणत नाहीत' म्हणून आवाज चढवणारा गृहस्थ चर्चच्या घड्याळाने तीन आठवडे लवकर आलेला असतो. आणि २९ तारखेला, शेजाऱ्यांनी झाडं काढून फुटपाथवर टाकलेली असताना, 'मेरी ख्रिसमस' म्हणणं अगदी वेळेवर असतं. वसईत मध्यरात्रीच्या मिस्साला जाणाऱ्यांना हे सांगायला नको. गोव्यात तर ६ जानेवारीला रेइश मागूश, कासावली आणि चांदोरला तीन राजांचं फेस्त होतं, तेव्हा कुठे नाताळ आवरतो. रशिया, सर्बियातले ख्रिस्ती ७ जानेवारी पाळतात, कारण त्यांच्या चर्चचं कॅलेंडर १३ दिवस मागे चालतं. युक्रेनने २०२३ पासून २५ डिसेंबर धरला. तेव्हा टीममध्ये सर्बियातल्या बेलग्रेडचा कोणी असेल तर त्याच्यासाठी एक शुभेच्छा जानेवारीत राखून ठेवावी.

'मेरी ख्रिसमस ही आमची जुनी परंपरा' असं म्हणणाऱ्यांना मॅसॅच्युसेट्सची आठवण करून द्यावी. तिथल्या प्युरिटन या कडव्या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी १६५९ साली ख्रिसमस साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला. बायबलात या सणाची आज्ञा नाही, आणि दारू, जुगार, धिंगाणा तेवढा होतो, असं त्यांचं म्हणणं. दंड १६८१ साली उठला, पण राज्याने ख्रिसमसची सुट्टी द्यायला १८५६ उजाडलं. केंद्राची सुट्टी १८७० ची.

वाक्य मात्र खरोखर जुनं आहे. १५३४ च्या डिसेंबरात लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत असलेल्या बिशप जॉन फिशर यांनी राजाचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याला पत्र लिहिलं. अंगावर धड कपडे नाहीत, वयाला सोसेल असं अन्न नाही, एवढी सोय करा, असं मागणं. आणि शेवटी 'देव तुम्हाला मेरी ख्रिसमस देवो'. पुढच्या जूनमध्ये फिशर यांचा शिरच्छेद झाला. किरकोळीतली शुभेच्छा याहून अस्सल कुठे मिळणार! तीच शुभेच्छा घाऊक झाली १८४३ साली. हेन्री कोल या उद्योगी लंडनकराने पत्रांना एकेक उत्तर लिहिण्याचा व्याप टाळण्यासाठी चित्रकार हॉर्सली यांच्याकडून एक कार्ड काढून घेतलं, सुमारे हजार प्रती छापल्या आणि उरलेल्या शिलिंगाला एक अशा विकल्या. पहिल्याच कार्डावर टीका झाली. मजकुरावर नाही, चित्रावर: त्यात घरातल्या छोट्या पोरीच्या ओठांना वाइनचा पेला लावलेला होता. ब्रिटनमध्ये तोंडी मात्र 'हॅपी ख्रिसमस'ही तितकंच चालतं. पाचव्या जॉर्जने १९३२ च्या पहिल्या रेडिओ भाषणात तेच म्हटलं, आणि दुसऱ्या एलिझाबेथनेही पुढे तीच रीत ठेवली.

अमेरिकेतलं आजचं भांडण २००५ च्या हिवाळ्यात पेटलं. फॉक्स न्यूजवर 'ख्रिसमसवर हल्ला' ही चर्चा रोज रंगायची. वॉलमार्टने 'हॅपी हॉलिडेज' धरलं म्हणून बहिष्काराची हाक आली. पुढच्या वर्षी त्यांनी 'मेरी ख्रिसमस' परत आणलं. राष्ट्राध्यक्ष बुश यांनी पाठवलेल्या सुमारे १४ लाख कार्डांवर 'हॉलिडे सीझन' असा उल्लेख होता, त्यावर त्यांचेच धार्मिक पाठीराखे रुसले. त्याच्या पन्नास वर्षं आधी आयझेनहॉवर यांच्या व्हाइट हाउसची कार्डं 'सीझन्स ग्रीटिंग्ज' म्हणत जायची, तेव्हा असं वादळ उठलं नव्हतं. आणि बॉस्टन! १९१७ च्या हॅलिफॅक्स बंदरातल्या स्फोटानंतर बॉस्टनने तातडीने मदत पाठवली, त्याची उतराई म्हणून कॅनडातला नोव्हा स्कोशिया प्रांत १९७१ पासून दर वर्षी त्या शहराला एक उंच झाड पाठवतो. २००५ साली शहराच्या वेबसाइटवर त्याला 'हॉलिडे ट्री' म्हटलं गेलं. झाड देणारा नोव्हा स्कोशियाचा माणूस उखडला: हे आधी कळलं असतं तर झाड भुसा करायच्या यंत्रात घातलं असतं. महापौरांनीही आपण ख्रिसमस ट्रीच म्हणणार असं जाहीर करून टाकलं. शंभर फूट दूर उभं राहून बघायच्या झाडाला घाऊक नाव हवं कशाला, हे मलाही कळलेलं नाही.

ब्रिटनमधलं प्रकरण निव्वळ कंडीचं. बर्मिंगहॅमच्या नगरपालिकेने १९९७ आणि १९९८ साली दिवाळीपासून नववर्षापर्यंतचे सगळे कार्यक्रम 'विंटरव्हल' या एका नावाखाली जाहीर केले. ख्रिसमस त्यात ठळकपणे होता. तरी 'ख्रिसमसचं नाव बदललं' ही बातमी वर्षानुवर्षं छापली गेली, आणि डेली मेलने २०११ साली दुरुस्ती दिली तोवर ती लोकांच्या डोक्यात घट्ट बसली होती.

टेक्सासने २०१३ साली कायदा केला: शाळेत 'मेरी ख्रिसमस', 'हॅपी हानुका', 'हॅपी हॉलिडेज' यांपैकी काहीही म्हणायला हरकत नाही. देखावा मांडायचा तर एकाहून अधिक धर्मांचा, किंवा एका धर्माबरोबर निदान एक बिगरधार्मिक चिन्ह हवं. म्हणजे बाळ येशूशेजारी बर्फाचा बाहुला ठेवला की झालं. यामागे सुप्रीम कोर्टाचे निकाल आहेत. १९८९ च्या पिट्सबर्गच्या खटल्यात कोर्टाच्या जिन्यावर एकटाच मांडलेला ख्रिस्तजन्माचा देखावा घटनाबाह्य ठरला, पण जवळच्या इमारतीबाहेर ४५ फुटी ख्रिसमस ट्रीच्या शेजारी उभा केलेला ज्यूंचा दीपवृक्ष चालला.

सर्वांत शहाणं निघालं ते पोस्ट खातं. १९६२ साली ४ सेंटचं पहिलं ख्रिसमस तिकीट निघालं. पुढे हानुकाचं १९९६ ला, क्वांझाचं १९९७ ला, ईदचं २००१ ला, आणि बरीच वर्षं मागणी करून झाल्यावर २०१६ ला दिवाळीचं. एकच तिकीट सर्वांना चालवण्याच्या फंदात न पडता त्यांनी प्रत्येकाचं छापलं. खिडकीवर जा आणि हवं ते मागा. घाऊक कारखान्याने किरकोळीची सोय केल्याचं हे दुर्मिळ उदाहरण.

आता रोजच्या वापराचं. समोरच्याने आधी म्हटलं, तर त्याचंच वाक्य त्याला परत करावं. 'मेरी ख्रिसमस'ला मुद्दाम 'हॅपी हॉलिडेज' असं उत्तर दिलं की ते दुरुस्तीसारखं ऐकू येतं. उलटं केलं तर टोमण्यासारखं. आपण आधी बोलणार असू आणि त्याचा सण माहीत असेल, तर सणाचं नाव घ्यावं, तारीख बघून. माहीत नसेल तर 'हॅपी हॉलिडेज'. 'सीझन्स ग्रीटिंग्ज' फक्त कागदावरचं आहे, तोंडाने ते कोणीच म्हणत नाही. लंडनच्या ऑफिसला 'हॅपी हॉलिडेज' लिहिलं तर तिकडच्यांना वाटतं आपण रजेवर स्पेनला निघालोय. मेलबर्नला बर्फाचं चित्र पाठवण्याआधी तिथे ऐन उन्हाळा आहे हे आठवावं.

ग्राहकांना मेल १० ते १८ डिसेंबरच्या दरम्यान जावी. २० नंतर पाठवली की रजेची आपोआप येणारी उत्तरंच ढिगाने परत येतात. थकलेल्या बिलाची आठवण करून देणाऱ्या मेलखाली शुभेच्छा चिकटवू नये, दोन्हींचा परिणाम जातो. छापील कार्डावर दोन ठिकाणी हमखास घोटाळा होतो. 'सीझन्स' लिहिताना शेवटच्या एसच्या आधी अ‍ॅपॉस्ट्रॉफी हवा, तो गाळला जातो. आणि खाली 'द जोशीज' लिहिताना तो मुळीच नको, तिथे हटकून घातला जातो. प्रूफ तपासताना या दोन जागा आधी बघाव्यात. देशातल्या देशात कार्ड २५ च्या आत पोचायला १५ च्या सुमारास पेटीत पडलेलं बरं. भारतात पाठवायचं तर नोव्हेंबरातच.

मराठीत या वादाने कधी मूळ धरलं नाही. इथे 'नाताळच्या शुभेच्छा' म्हटलं की भागतं. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली ज्यूंच्या जुन्या सणांत तर हानुका नव्हताच. तो त्यांच्यात फार नंतर आला. आपला वाद सहा दिवस पुढे सरकून ३१ डिसेंबरच्या रात्री येतो: 'हे आमचं नववर्ष नाही, आमचं गुढीपाडव्याला'. हा निरोपही घाऊकच. कोणीतरी लिहिलेला, हजारोंनी पुढे ढकललेला. पाठवणाऱ्याच्या भिंतीवरचं कालनिर्णय जानेवारीपासून सुरू होतं आणि पाडवा त्यात मार्च-एप्रिलच्या पानावर असतो. शेजारचे गुजराती दुकानदार तर दिवाळीच्या पाडव्यालाच 'साल मुबारक' करून वर्षाच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात पोचलेले असतात. तो निरोप काकांकडून आला असेल तर वाद घालू नये. 'हो काका, श्रीखंडाला येतोच पाडव्याला. तोवर हॅप्पी न्यू इयर' एवढं लिहून द्यावं. काकांचं उत्तर बहुधा 'सेम टू यू' असंच येतं.