डब्ल्यूसी आणि गळणारी दीर्घ वेलांटी

गळती सापडली. मागच्या नोंदीत प्रश्न तसाच सोडला होता: मराठी फायलींतून वळणदार अवतरणचिन्हं काढायच्या सफाईच्या आधी आणि नंतर ओळी तेवढ्याच, शब्दही तेवढेच, मग डब्ल्यूसीच्या (ओळी, शब्द, चिन्हं मोजणारी टर्मिनलची आज्ञा) -एम चा, म्हणजे अक्षरचिन्हांचा, आकडा काढलेल्या अवतरणचिन्हांपेक्षा कितीतरी जास्त का उतरतो? डब्ल्यूसी बरोबरच मोजत होता. मोडतोड त्याच्या आधीच्या पायरीत, टीआरमध्ये (नको ती चिन्हं उडवणारी आज्ञा) होत होती.

एका ओळीत सगळं दिसतं. नवी फाइल करा, त्यात एवढंच लिहा आणि शेवटी एकदा एन्टर:

‘घरी ये,’ आजी म्हणाली.

यूटीएफ-८ लोकॅलमध्ये (मजकुराचे बाइट कोणत्या संकेतनाने वाचायचे ते सांगणारी मांडणी) ओळ १, शब्द ४, -एम २३, -सी (बाइट) ५७. हाताने पडताळा: देवनागरी कोडपॉइंट (यूनिकोडमधली सुटी चिन्हं) १५ (एकट्या ‘म्हणाली’चेच ७, कारण हलन्त, काना, वेलांटी सुटे मोजले जातात), प्रत्येकी ३ बाइट, झाले ४५. दोन वळणदार अवतरणचिन्हं, तीही ३-३ बाइटची, झाले ६. तीन स्पेस, स्वल्पविराम, पूर्णविराम आणि शेवटचं एन्टर मिळून ६. एकूण ५७.

आता टीआर -डी (काढून टाक) ला ती दोन्ही अवतरणचिन्हं देऊन पुन्हा मोजा. यायला हवेत -एम २१ आणि -सी ५१. येतात १७ आणि ४७. शब्द ४, ओळ १, जैसे थे. चार अक्षरचिन्हं हवेत विरली, आणि नुसतं -डब्ल्यू (शब्द) बघणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

कारण असं. ग्नूचा (लिनक्सवर असतो तो) टीआर अक्षरं ओळखत नाही, सुटे बाइट ओळखतो. बाइट षोडशमान आकड्यांत लिहिले तर उघडणारं अवतरणचिन्ह म्हणजे ई२ ८० ९८, बंद करणारं ई२ ८० ९९. टीआरच्या लेखी ही दोन चिन्हं नाहीत, चार बाइटची यादी आहे: ई२, ८०, ९८, ९९. यातला जो बाइट जिथे दिसेल तिथून तो उडवतो. दीर्घ वेलांटी आहे ई० ए५ ८०, तिचा शेवटचा ८० गेला. घ आहे ई० ए४ ९८, त्याचा ९८ गेला. ङ आहे ई० ए४ ९९, तोही गेला असता. बाकीची मुळाक्षरं आणि मात्रा शाबूत राहतात, म्हणून वरवर चाळताना फाइल धडधाकट वाटते. नमुन्यात तीन दीर्घ वेलांट्या आणि एक घ, बरोबर चार.

शब्दांचा आकडा का हलत नाही? मोडक्या अक्षराचे उरलेले दोन बाइट डब्ल्यूसी -एम मध्ये धरत नाही, पण शब्द तो स्पेसवरूनच तोडतो आणि स्पेस जागेवर आहेत. ‘घरी’मधला एकटा र उरला तरी शब्द एकच.

दंड (।) काढायला टीआर वापरणाऱ्यांची गत याहून वाईट. दंड आहे ई० ए५ ए४, आणि देवनागरीचं प्रत्येक अक्षर ई० ए४ किंवा ई० ए५ नेच सुरू होतं. म्हणजे प्रत्येक अक्षराचे पहिले दोन बाइट जातात. त (ई० ए४ ए४) आणि थ (ई० ए४ ए५) तर मुळासकट. निदान हा घोळ लगेच डोळ्यांत भरतो. अवतरणचिन्हांचा घोळ भरत नाही, म्हणून तो जास्त धोक्याचा.

बिघडलेल्या ओळी शोधायला ग्रेपचा (ओळी शोधणारी आज्ञा) हा जोड फार उपयोगी पडला: यूटीएफ-८ लोकॅलमध्ये -एन, -ए, -एक्स, -व्ही एकत्र आणि नमुना म्हणून नुसतं ‘.*’. ज्या ओळीत अवैध बाइट आहेत तीच ओळ क्रमांकासह छापली जाते. फाइल स्वच्छ असेल तर काहीच छापत नाही.

टीआर काढून सेड (मजकूर बदलणारी आज्ञा) घातला, चौकटी कंसात दोन्ही चिन्हं, शेवटी जी. टर्मिनलवर -एम २१, -सी ५१. चोख. तीच स्क्रिप्ट क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारी सोय) चालवली आणि पुन्हा ४७ बाइट! क्रॉनमध्ये लॅंग (लोकॅल ठरवणारं चल) बहुधा ठरवलेलं नसतं, मग लोकॅल सी (प्रत्येक बाइट सुटा धरणारं) पडतं, आणि सी लोकॅलमध्ये सेडचा चौकटी कंससुद्धा अक्षरांचा न राहता बाइटांचा होतो. तोच रोग, दुसऱ्या वाटेने. उपाय एका ओळीचा: स्क्रिप्टच्या माथ्यावर एलसी_ऑल ला सी.यूटीएफ-८ द्यायचं आणि एक्सपोर्ट करायचं. आकड्यांतही खूण मिळते. मराठी फाइलवर -एम आणि -सी सारखेच आले, तर लोकॅल सी आहे असं खुशाल समजा.

सी लोकॅलमध्ये शब्दमोजणीही घसरते. कोअरयुटिल्स (डब्ल्यूसी, टीआर ज्यात येतात तो ग्नूचा संच) ८.३२ मध्ये वरच्या मूळ ओळीचे शब्द ४ ऐवजी २ येतात. त्या आवृत्तीत शब्द धरायला निदान एक छापण्याजोगा बाइट लागतो, आणि सी लोकॅलमध्ये देवनागरीचा एकही बाइट त्यात बसत नाही. म्हणून मोजले जातात ते फक्त स्वल्पविराम किंवा पूर्णविराम चिकटलेले शब्द. मोठ्या फाइलवर असा आकडा शून्य येत नाही, खराच वाटतो. जुन्या नोंदींमधले क्रॉनचे सगळे आकडे म्हणूनच बाद धरावेत.

मॅकवाल्यांना यातलं पहिलं दुखणं नाही, तिथला टीआर बहुबाइट अक्षरं समजतो. पण तिथे -सी आणि -एम एकत्र दिले तर शेवटचाच पर्याय चालतो, दोन्ही आकडे एका दमात मिळत नाहीत. अशा कामाला ग्नूचा डब्ल्यूसी आणि सेड हीच जोडी बरी, हे मत अजून कायम.

एक छोटा पण मनापासून आनंद देणारा विजय: सगळ्या फायली कॅटने (फायली एकापुढे एक जोडणारी आज्ञा) जोडून मोजल्या की शब्द कमी का भरतात तेही उलगडलं. ज्या फाइलच्या शेवटी एन्टर नाही, तिचा शेवटचा शब्द पुढच्या फाइलच्या पहिल्या शब्दाला चिकटतो. शिवाय -एल (ओळी) एन्टर मोजतो, त्यामुळे अशा फाइलची शेवटची ओळ गणतीतच येत नाही. ग्नू सेडला ‘$ए\’ (यातला ए म्हणजे पुरवणीचा छोटा ए) दिला की नसेल तिथेच एन्टर पडतं, असेल तिथे दुसरं पडत नाही. त्यानंतर सुट्या फायलींची बेरीज आणि कॅटचा आकडा तंतोतंत जुळले.

वेगळ्या शब्दांच्या यादीत अजून एक गाठ आहे, ती अर्धी सुटली. ‘दुसऱ्या’ दोन प्रकारे टाइप होतो: ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून, ७ कोडपॉइंट, २१ बाइट, किंवा र, हलन्त आणि शून्य-रुंदीचा जोडक (न दिसणारं जोडचिन्ह) वापरून, ८ कोडपॉइंट, २४ बाइट. पडद्यावर तसूभर फरक नाही, यादीत मात्र दोन शब्द. एनएफसी सामान्यीकरण (यूनिकोडची समान रूपं एक करायची रीत) ही दोन रूपं एक करत नाही, त्यामुळे सेडचा स्वतंत्र नियम लागतो: र-हलन्त-जोडक दिसलं की ऱ-हलन्त. दुसऱ्या, वाऱ्यावर, सुऱ्या, सगळे जागेवर येतात. सॉर्ट -यू ला (क्रम लावून पुनरावृत्ती काढणारी आज्ञा) मात्र मुद्दाम सी लोकॅल, कारण तिथे बाइटागणिक तुलनाच हवी आहे. उरलेली अर्धी गाठ म्हणजे इतर जोडक आणि विजोडक (जोडणी रोखणारी न दिसणारी चिन्हं), ते सरसकट उडवले तर मुद्दाम घातलेलेही जातील.

पुढच्या वेळी पर्ल भाषेतल्या \एक्स ने अक्षरं (पु-स्त-क, तीन) मोजायचा बेत होता. पण यूनिकोड १५.१ च्या आधीच्या नियमांत स्त फुटून चार भरतात, तेव्हा आधी पर्लची आवृत्ती तपासावी लागेल. ते मागे ढकललं, कारण हे लिहितानाच एक चाचणी सुचली: फक्त अवतरणचिन्हं काढायची असतील तर -सी ची घट -एम च्या घटीच्या तिप्पट असलीच पाहिजे. बरोबर सफाईत २ आणि ६. बिघडलेल्या सफाईत ६ आणि १०. एक अक्षर मोडलं तरी गुणोत्तर चुकतं, कारण मोडक्या अक्षरामागे -एम एकाने उतरतो आणि -सी सुद्धा एकानेच. ही तपासणी स्क्रिप्टमध्ये आधी बसेल, जुळली नाही तर स्क्रिप्ट तिथेच थांबेल आणि मूळ फाइलला हात लागणार नाही. अक्षरमोजणी त्यानंतर.